बोळातले तीन चौकोन

दूध सांडलं की कोबा विरघळतो. एका दिवसात नाही. सांडलेलं दूध आंबतं, त्याचं आम्ल होतं आणि ते सिमेंटमधला चुना खातं. सिमेंट गेलं की वाळू सुटते, वाळू गेली की खडी वर येते. मामाच्या डेअरीत, क्रेट धुण्याच्या खोलीपासून शीतगृहापर्यंत जाणाऱ्या अठरा मीटरच्या बोळात खडी वर आली होती. हा बोळ सकाळ-संध्याकाळ धुण्याचं काम मामाचं.

गेल्या वर्षी तो तिथेच पडला. खळग्यात साचलेल्या पाण्यावर सायीचा तवंग होता, पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं आणि अगदी शांतपणे सांगितलं की पुन्हा पडलात तर घरी बसावं लागेल, तुम्हाला देण्यासारखं बसून करायचं काम इथे नाही. मामाच्या नोकरीची तीन वर्षं उरली होती. ती पुरी झाली तरच पेन्शन.

मी तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन जमिनीवरचे लेप बनवणाऱ्या एका कंपनीत नुकतीच लागले होते. डेअरीचा बोळ दुरुस्त करायचं ठरलं तेव्हा मामानेच मॅनेजरच्या कानावर घातलं की माझी भाची हेच करते. तसं काम आमच्याकडे आलं. मामाने ही गोष्ट अख्ख्या पाळीला सांगितली. मी पहिल्यांदा मापं घ्यायला गेले तर क्रेट उचलणाऱ्या बायका मला ‘मोठ्या मॅडम’ म्हणत होत्या आणि मामा माझ्यामागून टेपचं दुसरं टोक धरून, पोट आत घेऊन चालत होता.

अशा ठिकाणी आम्ही थेट लेप लावत नाही. आधी त्याच जागेवर नमुन्याचे चौकोन टाकतो, तीन महिने रोजच्यासारखा वापर होऊ देतो आणि मग बघतो कोण टिकलं. मी बोळाच्या मध्यावर, जिथून भरलेल्या गाड्या जातात तिथे, दीड मीटर बाजूचे तीन चौकोन आखले. पहिल्यात नुसतं कोबा घट्ट करणारं द्रावण. दुसऱ्यात एपॉक्सीचा चकचकीत, आरशासारखा थर. तिसऱ्यात सिमेंट मिसळलेलं पॉलियुरेथेन, सहा मिलिमीटर जाड, खरखरीत, चिखलाच्या रंगाचं.

मला तिसराच हवा होता. डेअरीचा नियम होता की बोळ ऐंशी अंशांच्या पाण्याने धुवायचा, आणि शीतगृहाचं दार उघडलं की त्याच जमिनीवर चार अंशांची हवा येते. गरम झाल्यावर एपॉक्सी कोब्याच्या दुपटी-तिपटीने फुगतो, साठाच्या आसपास मऊ पडतो. रोज दोनदा असं झालं की तो कडेने सुटणार, फोड येणार, पोपडे निघणार. शिवाय ओला झाला की त्यावर पाय ठरत नाही. तिसरा दिसायला दळभद्री, पण कापल्याशिवाय निघत नाही आणि ओल्या बुटालाही धरून ठेवतो. मामासाठी तोच हवा होता. पण हे मी मॅनेजरला तोंडी सांगून उपयोग नव्हता. त्याला चकचकीत जमीन आवडायची. तपासणीला येणाऱ्या पाहुण्यांना ती आवडते, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, चौकोनच काय ते सांगतील.

तीन महिन्यांनी गेले. पहिला चौकोन खडबडीत झाला होता, ते अपेक्षितच होतं. तिसऱ्यावर चाकांचे काळे ओरखडे, एका कोपऱ्यात टवका उडालेला. आणि दुसरा जसाच्या तसा. दिव्याची नळी त्यात अख्खी दिसत होती. मी खेचणीचं यंत्र चिकटवून थर उपटून पाहिला. तो सुटला नाही, खालचा कोबाच तुटला. मॅनेजर मागे उभा होता. तो म्हणाला, “बघा मॅडम, तुम्ही उगाच घाबरत होतात.” आठवडाभरात ऑर्डर काढतो म्हणाला.

मी घरी येऊन आकडे मांडत बसले. प्रयोगशाळेत याच एपॉक्सीला चाळीस वेळा गरम-थंड केल्यावर फोड आले होते. बोळात एकशे ऐंशी वेळा झालं होतं आणि एकही फोड नाही. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. काहीतरी मी धरून चालले होते जे तसं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या धुलाईच्या वेळेला, कोणाला न कळवता, तापमापी घेऊन गेले.

मामा नळी घेऊन बोळाच्या वरच्या टोकापासून येत होता. वाफ गुडघ्यापर्यंत. पहिल्या चौकोनावरून तो सरळ आला. दुसऱ्याच्या कडेला थांबला. भिंतीवरचा लाल नळ बंद केला, निळा उघडला, आणि तो चौकोन थंड पाण्याने, बोटांनी नळीचं तोंड अर्धं झाकून, हलक्या फवाऱ्याने धुतला. मग कमरेला खोचलेलं कोरडं फडकं काढून खाली बसला आणि पुसला. दुखऱ्या मनगटाने, कोपऱ्यांपर्यंत. उठून पुन्हा लाल नळ. पलीकडून एक गाडी आली. गाडी ओढणारी बाई चौकोनापाशी आल्यावर आपणहून वळली आणि भरलेलं ओझं तिसऱ्या चौकोनाच्या कोपऱ्यावरून, टवका उडाला होता बरोबर तिथून, धाडकन नेलं.

मी पुढे होऊन लाल नळ बंद केला, निळा उघडला, थोडं पाणी जाऊ दिलं आणि नळीच्या धारेत तापमापी धरली. अठ्ठावीस अंश.

“हे कधीपासून करतोयस?”

“काय?”

“थंड पाणी.”

“पहिल्या दिवसापासून,” मामा म्हणाला. पकडला गेल्यासारखा नाही, बक्षीस मिळणाऱ्या मुलासारखा. “तूच नाही का म्हणालीस, गरम पाण्याने याला त्रास होतो म्हणून.”

“पण हाच का?”

“म्हणजे काय? हा तुझा आहे ना. बाकीचे दोन त्या कामगारांनी टाकले. याच्यावर तू दिवसभर गुडघे टेकून तो काट्यांचा रोलर फिरवत होतीस. मी बघितलं नाही का? सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरीचं काम आहे, चाक घालायचं नाही.”

हे खरं होतं. एपॉक्सीत अडकलेली हवा काढायला काट्यांचा रोलर फिरवावा लागतो, आणि आमच्या माणसांना ते नीट जमत नव्हतं म्हणून मी केलं होतं. तीन चौकोनांत पाणी, वजन, चाक, वेळ सगळं सारखं राहील याची काळजी मी कागदावर घेतली होती. धुणारा माझा मामा आहे, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

मी त्याला तिथेच समजावलं. हा चौकोन टिकला तो तू टिकवलास म्हणून. आता अख्खा बोळ असा होणार. अठरा मीटर तू फडक्याने पुसणार नाहीस. गरम पाणी पडलं की सहा महिन्यांत हा सोलून निघेल, आणि त्याआधीच तू यावर पडशील. मग विचारलं, साहेबांना सांगू का.

मामा चौकोनाकडे बघत राहिला. “घसरतो खरा,” तो म्हणाला. “पण दिसतो झकास.” मग म्हणाला, “जा, सांग साहेबाला. त्यात काय, मी काय दूध चोरलं?”

मी त्याला नीट विचारलं होतं का, हे मी नंतर अनेकदा आठवून पाहिलं आहे. विचारलं होतं. तो हो म्हणाला होता. पण काय सांगायचं आणि कुठे थांबायचं, हे आम्ही ठरवलं नव्हतं, आणि ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

मॅनेजरच्या खोलीत मी म्हटलं की चाचणी सदोष झाली, तिन्ही चौकोनांना सारखी धुलाई मिळाली नाही, ऑर्डर थांबवा. एवढं पुरलं असतं. त्याने विचारलं, सारखी नाही म्हणजे कशी. मी सांगितलं, दुसऱ्यावर थंड पाणी.

“किती थंड?”

“अठ्ठावीस अंश. आज सकाळी मोजलं.”

“म्हणजे तीन महिने तिथे गरम पाणी पडलंच नाही?”

“फक्त त्या सव्वादोन चौरस मीटरवर नाही,” मी म्हणाले. आकडा बरोबर होता. मला वाटलं, त्यामुळे गोष्ट लहान होईल.

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. लेपाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. ऐंशीच्या खाली धुतलेली जमीन म्हणजे न धुतलेली जमीन, हा त्याचा नियम भिंतीवर लावलेला होता, आणि रोजच्या नोंदवहीत तीन महिने मामाने ‘ऐंशी’ लिहून सह्या केल्या होत्या. खरेदीदाराच्या तपासणीत हे निघालं असतं तर काय झालं असतं, असं त्याने मला विचारलं. मी म्हणाले, त्याने ते माझ्यासाठी केलं. त्यावर तो म्हणाला, “ते तर आणखी वाईट.”

चौकशी एका दुपारात संपली. मामाने सगळं कबूल केलं. फडकंसुद्धा दाखवलं म्हणे. खोट्या नोंदी केल्याबद्दल त्याला काढलं, आणि तीन वर्षं तशीच राहिली. मी कंपनीतर्फे पत्र लिहिते म्हणाले, तर आमच्या साहेबांनी गिऱ्हाइकाच्या घरगुती भानगडीत पडायचं नाही असं बजावलं. आई म्हणाली, एवढं शिकलीस, गप्प बसायला कोणी शिकवलं नाही का.

बोळात तिसऱ्या चौकोनातलाच लेप लागला. मीच उभी राहून लावून घेतला, भिंत जमिनीला मिळते तिथली गोलाई, गटाराचे काठ, सगळं. काम उत्तम झालं. ओल्या जमिनीवर मी स्वतः बूट घासून पाहिले, सरकले नाहीत. धुवायला आता कंत्राटदाराची माणसं येतात, दर महिन्याला वेगळी.

त्यानंतर पहिल्यांदा मामाकडे गेले तेव्हा मामीने दार उघडलं आणि ‘या’ म्हणाली. लहानपणापासून ती मला ‘ये गं’ म्हणत आली होती. मामा खिडकीपाशी बसून मनगटाला तेल चोळत होता. मामी पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “खरं बोललात ते बरं केलंत हो. घरात एक तरी खरं बोलणारं माणूस असावं.”

“गप गं,” मामा म्हणाला. मग मला विचारलं, “झाला का बोळ?”

“झाला.”

“कुठला लावला? तो चिखलाचा?”

“हो.”

“घसरत नाही ना?”

“नाही.”

त्याने बाटलीचं झाकण लावलं. “गेल्या वेळी पडलो तेव्हाच नीट पडायला हवं होतं,” तो म्हणाला. “निदान भरपाई तरी मिळाली असती.” आणि तो हसला. कोणी हसेना, तेव्हा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत, समजावून सांगितल्यासारखा आणखी थोडा हसला.