साहेबांची पहिली उडी

मी उघाडीची झडप बोलतेय. पेणच्या खाडीकाठी शेतं राखायला मातीचे बांध घातलेले आहेत. त्या बांधात पाणी सोडायला ठेवलेली वाट म्हणजे उघाडी, आणि त्या वाटेवर वरून टांगलेली सागाची जाड फळी म्हणजे मी. ओहोटीला शेतातलं गोडं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम. त्यामुळे संशय घ्यायची मला जन्मापासून सवय. कोणी फार गोड बोलत आलं की मी आधी चव बघते.

रोह्याच्या सुताराने मला तासलं, डांबर फासलं, आणि गावाने माझी राखण कान्हूकडे दिली. कान्हू भरतीआधी यायचा, मी चौकटीत नीट बसलेय का बघायचा आणि दोन थापा मारून म्हणायचा, "बस गो बाय गप." माणसांवर माझा भरवसा कमीच, पण त्या हातावर होता.

चौऱ्याहत्तर सालची अनंत चतुर्दशी. पुनवेच्या तोंडावरचं उधाण, भरती ऐन दुपारची. कान्हू मला थापटून घरच्या गणपतीच्या आरतीला गेला. सगळं गाव विसर्जनाच्या गडबडीत. तेवढ्यात बांधावर आला दिनानाथ. विशीतला पोरगा, पेणच्या एका पुढाऱ्याच्या मागेमागे फिरणारा. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी पुढाऱ्याच्या घरी खाडीतला जिताडा मासा पोचवायचा, म्हणजे नाव लक्षात राहतं, हा त्याचा हिशेब. त्याने मला उचललं, खालच्या कडेला बाभळीची पाचर ठोकली आणि आत जाळं लावलं. भरतीबरोबर मासा आत येईल म्हणे!

मासा राहिला बाजूला, उधाणच आत आलं. जाळं वाहून गेलं. पाण्याच्या जोरात पाचर निघेना. "आयला, मेलो!" म्हणत तो पळाला. मी करकरले, पण ढोलताशात माझं कोण ऐकणार? फुलोऱ्यावरचा भात खाऱ्या पाण्यात गेला.

गाव धावत आलं तेव्हा सगळ्यांच्या पुढे दिनानाथच. पहिली उडी त्याचीच. एव्हाना दोन्हीकडचं पाणी सारखं झालं होतं, पाचर सैल झाली होती. त्याने बुडी मारली, पाचर काढून कमरेला खोचली आणि मला खाली सोडलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. पाण्याखाली याचा हात नेमका कुठे गेला, हे एकानेही विचारलं नाही.

"झडप उघडी राहिली कशी?" कोणीतरी म्हणालं.

"कान्हू निजला असंल," दिनानाथ म्हणाला.

झालं. कान्हूची राखण गेली, तो मिठागरात मजुरीला लागला. दिनानाथ त्या उडीवर सरपंच झाला. मग पेणच्या पंचायत समितीत, मग रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांत पोरं चिकटवून आमदार, आणि शेवटी दिल्लीला खासदार. दिन्याचा दिनाभाऊ झाला, दिनाभाऊचा साहेब. दर निवडणुकीला पहिला नारळ माझ्यावर फोडायचा आणि भाषण ठोकायचा, "कान्हू निजला, तवा मी उडी मारली!" लोक हसायचे. मला मात्र वाटायचं, देव सोडून हा मला कशाला नारळ देतोय? तोंड बंद ठेव म्हणूनच ना?

शाळेत पेंगणाऱ्या पोरालाही गाव 'कान्हू' म्हणू लागलं. आणि खुद्द कान्हू? कधीमधी बांधावर यायचा, माझ्यापुढे बसायचा. "बाय, मी थापटली व्हती ना गो तुला? का इसरलो?" त्याचा स्वतःवरच संशय बसला होता. माझ्या लाकडाला तोंड नाही याचा मला तेव्हा फार राग यायचा.

चाळीस वर्षांनी लोखंडी झडप आली. मला काढून बांधावर टाकलं. उद्घाटनाला साहेब आले. कान्हूची लेक सगुणा मला सरपणाला न्यायला आली होती. वरचा चिखल खरवडता खरवडता तिचा हात थांबला. खालच्या कडेला पाचरीचा खोल वण. राखणदाराचीच लेक ती, तिला सांगायला नको. ती तशीच मांडवात गेली.

साहेब भाषणात उडीपर्यंत आले होते. सगुणाने खालूनच विचारलं, "साहेब, झडपंला पाचर व्हती काय?"

"व्हती तर! याच हातानं उपसली मी!" साहेब रंगात येऊन बोलून गेले.

"दिन्या," पुढे बसलेली म्हातारी ठमाबाई म्हणाली, "इतक्या वर्सांत पाचरीचं कदी बोलला नायस तू."

"निजलेला मानूस पाचर ठोकतो व्हय?" सगुणा म्हणाली.

साहेब पाणी प्यायले, घड्याळ बघितलं आणि गाडीत बसले. पुढची निवडणूकही ते जिंकले, तेही सांगून टाकते. मी उगाच संशयी नाही. पण बांधावर नारळ घेऊन काही ते आले नाहीत.

सगुणाने मला घरी नेऊन ओटीवर टेकवलं. कान्हूला आता दिसत नाही. तिने त्याचं बोट धरून वणात ठेवलं. "बाबा, तुमी गेल्यावर कुनी ठोकली ती पाचर ही."

तो कितीतरी वेळ चाचपत राहिला. मग माझ्यावर दोन थापा मारल्या. "म्हंजी लावली व्हती मी," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

एवढंच मागणं आहे, कान्हू असेपर्यंत मला चुलीत घालू नका. सकाळी उठला की त्याला पुन्हा शंका येते, आणि त्याचं बोट वण शोधत माझ्यापाशी येतं.