सासूबाईंची काठी

माझ्या गोल्फच्या बॅगेत दोन क्लब, म्हणजे काठ्या, एकच काम करत होते आणि एक काम कुणीच करत नव्हतं. हे कळलं आमच्या तिरुविसनल्लूरच्या शेतात, भाताची कापणी झाल्यावर. कुंभकोणमला गोल्फचं मैदान कुठलं? कोईमतूरच्या बदलीत लागलेलं वेड मी इथे असं जपते. सुंदरेश, म्हणजे आमचे हे, वेष्टीचं धोतर खोचून बांधावर उभे राहतात आणि चेंडू कुठे पडला ते ओरडून सांगतात. त्यांचं म्हणणं, लांब पल्ल्याचा चार नंबरचा आयर्न मारला काय की पाच नंबरचा काय, चेंडू एकाच बांधाशी येतो. उलट जवळच्या फटक्यांच्या क्लबांत, शंभर यार्डांच्या वेजनंतर माझ्याकडे होता तो एकदम सत्तरचा. मधल्या बांधावर हे दिवसभर निजले असते तरी त्यांना धोका नव्हता.

गेल्या वर्षी कोडैकानलच्या बायकांच्या स्पर्धेत शेवटच्या होलला चेंडू नेमका त्या मधल्या जागी थांबला. मोठा वेज हलक्या हाताने मारायला गेले, चेंडू भलतीकडे गेला आणि चषक नागलक्ष्मीने नेला. यंदा तो मला हवा होता.

स्पर्धेत चौदापेक्षा जास्त क्लब नेता येत नाहीत. तेव्हा चार नंबरला रजा आणि माळ्यावरच्या जुन्या, मधल्या वेजला बोलावणं. जिवावर आलं खरं. चार नंबर नीट मारणाऱ्या बायका थोड्या, आणि लोक वळून बघतात ते मला आवडतं.

माळ्यावर वेज नव्हता. तो सासूबाईंच्या हातात होता. बांबूची काठी मोडल्यापासून उंच दांडीवरचं सोवळ्याचं लुगडं त्या त्यानेच काढत होत्या, टाचा उंचावून. मी हात पुढे केला तशा त्या मागे सरल्या. मी शिवले असते तर पुन्हा अंघोळ, आणि स्वयंपाक दुपारवर.

"माझी काठी गे ती," त्या म्हणाल्या.

मी चार नंबर आणून लांबूनच दाखवला. हा लांब आहे, टाचा दुखणार नाहीत, म्हटलं. मुठीला चामडं आहे का, हे त्यांनी दोनदा विचारलं. रबर आहे म्हटल्यावर तो नळाखाली ठेवायला लावला, वर पाणी सोडलं, मग उचलला आणि लुगडं एका झटक्यात उतरवलं.

"इतका चांगला, आणि देऊन टाकतीस?"

"याचं काम दुसरा करतो, अम्मा. तुमच्या हातातल्याचं कुणी करत नाही."

त्यांनी वेज जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे झाल्या.

कोडैकानलला शेवटच्या होलला नागलक्ष्मी आणि मी बरोबरीत होतो. या वेळी चेंडू मी मुद्दामच त्या मधल्या जागी आणून ठेवला. वेज काढला. मुठीला अजून सासूबाईंच्या धुण्याच्या साबणाचा वास होता. हात न आखडता पूर्ण मारला. चेंडू झेंड्यापासून वीतभर लांब थांबला. नागलक्ष्मीचा बराच मागे राहिला होता.

चषक माझ्या हातात आल्यावर नागलक्ष्मीने विचारलं, तो कुठला क्लब होता.

"सासूबाईंची काठी," मी म्हणाले.