घरातले नाव

मित्रांनो, ज्या खोलीत मी ठेवलेला आहे तिथे आता फारसे कुणी येत नाही. मी टाइपरायटर आहे. जुना, वजनाला भारी, काळा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगात तोंड दिसत असे. पहिली काही वर्षे मी एका कचेरीत काढली. तिथे मी पुष्कळ नावे छापली, पण ती सगळी आधीच कुणाची ना कुणाची असत. कचेरीने जुने सामान विकायला काढले, तेव्हा एका कादंबरीकार बाईंनी मला घरी आणले. जगात कुठेच नसलेल्या माणसांनाही नाव द्यावे लागते, हे मला तिथे समजले.

बाई आधी नाव शोधत, मग गोष्ट. नाव मिळेपर्यंत एक ओळ लिहीत नसत. त्या लग्नपत्रिका वाचत, दुकानांच्या पाट्या वाचत, दवाखान्यात काही दुखत नसताना जाऊन बसत आणि रोग्यांना हाका मारलेल्या ऐकत. आवडलेले नाव घरी आले की ते कोऱ्या कागदाच्या मधोमध छापायचे आणि मग स्वयंपाकघरातून त्याला हाक मारून बघायची. एकदा आईसारखी, एकदा चिडलेल्या बापासारखी, एकदा दारात भांडायला आलेल्या माणसासारखी. हाक अडखळली की नाव बाद. माझी ‘ढ’ची कळ पहिल्यापासून अडायची, म्हणून ते अक्षर बाई टाळत. त्यांचे यजमान म्हणायचे, “हिच्या कादंबऱ्यांत एकही ढ माणूस नाही.” त्या घरातले ते हसणे मला फार आवडायचे.

एकदा संपादक चहाला आले होते. बाईंच्या पुस्तकातला माणूस मेला की वाचक इतके का रडतात, असे त्यांनी विचारले. बाई सहज म्हणाल्या, “ज्याला मारायचं असतं ना, त्याला मी घरातलं नाव देते. परकं नाव मेलं तर कुणाला काय वाटतं?”

संपादक हसले. यजमान मात्र कपात बघत राहिले. त्या वेळच्या कादंबरीतला नावाडी शेवटी बुडतो. त्याला बाईंनी यजमानांचे लाडाचे नाव दिले होते. लहानपणी त्यांची आई त्यांना त्या नावाने हाक मारायची आणि पुढे फक्त बाई. यजमानांनी पुस्तक वाचून संपवले, मिटले आणि म्हणाले, “मला विचारायचंस तरी.” पुढच्याच वर्षी ते कचेरीच्या जिन्यात कोसळले आणि गेले. हृदय आधीपासूनच कमजोर होते, असे डॉक्टर म्हणाले. तसे असेलही. मी यंत्र आहे, मला त्यातले काय कळणार? पण त्यांची लेक तेव्हा दोन वेण्या घालणारी होती. तिने ते पुस्तक कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवले, आणि बाईंनी ते पुन्हा सरळ केले नाही.

लेक मोठी झाली, लग्न होऊन गेली. तिचे पहिले मूल पोटातच गेले. दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागल्यावर ती आईकडे राहायला आली. बसल्या बसल्या ती जुन्या दातांच्या ब्रशने माझ्या कळा साफ करायची. माझी इतकी काळजी कुणीच घेतली नव्हती. अशाच एका दुपारी तिने आईला बाळाचे ठरवलेले नाव सांगितले. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही शोभेल असे. नवऱ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, तूही कुणाला सांगू नकोस, असे तिने बजावले.

बाईंना नाव फार आवडले. त्यांनी ते दोनदा पुटपुटले. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून त्यांनी हाक मारली, आईसारखी. लेक ब्रश हातात धरून हसली. मग दुसरी हाक आली, चिडलेल्या बापासारखी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्यात कागद घातला. साप्ताहिकातली नवी कादंबरी सुरू व्हायची होती. तिच्यातले पोर शेवटी तापाने जाणार, हे बाईंनी आधीच योजले होते. नाव तेवढे मिळत नव्हते. मला बोट नाही, जीभ नाही. जे दाबले ते मी छापले.

लेकीने ते नाव वाचले ते दवाखान्यात, नंबर लागायची वाट बघताना. ती घरी आली आणि माझ्याशेजारी अंक ठेवून म्हणाली, “आई, हे पोर जगणार आहे ना?”

बाई म्हणाल्या, “अगं, नाव म्हणजे चार अक्षरं. हजार जणांचं असेल.”

“बाबांचं नावही अक्षरंच होतं.”

त्याच संध्याकाळी नवरा येऊन तिला घेऊन गेला. बाईंनी खरेच प्रयत्न केला, हे मी सांगायला हवे. पोराचा ताप उतरतो, असे त्यांनी लिहून पाहिले. वाचले आणि फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. संपादकांचा माणूस दारात उभा होता. अखेर त्या इतक्या भरभर लिहू लागल्या की ओळ संपली की वाजणारी माझी घंटी थांबेना, आणि पोर गेले. लोकांनी कादंबरी डोक्यावर घेतली. माझ्यासह बाईंचा फोटोही छापून आला.

आणि बाळ? ते सुखरूप जन्मले, मुलगी झाली. जावयांनी फोन केला तेव्हा बाईंनी विचारले, नाव काय ठेवले? ते म्हणाले, “आई, ते तुम्हाला सांगायचं नाही, असं तिनं सांगितलंय.”

त्यानंतर बाईंनी कादंबरी लिहिली नाही. माझ्यावर फडके पडले, कळा गंजल्या. लेक वर्षातून एकदा येते, तासभर बसते. या घरात नातीला सगळे ‘छकुली’ म्हणतात. परवा बाईंनी तिला मांडीवर घेऊन विचारले, “तुझं खरं नाव काय गं?” पोरीने ओठ घट्ट मिटले आणि आईकडे पाहिले. तिला शिकवलेले होते.

पण ती आता अक्षरे ओळखू लागली आहे. त्याच दिवशी मोठी माणसे निघायच्या गडबडीत असताना ती माझ्याजवळ आली. फडके सरकवले. माझ्यात कधीचा एक कोरा कागद तसाच होता. तिने एक कळ शोधून दाबली, दुसरीवर बोट ठेवले, एवढ्यात लेकीने तिला झटक्यात उचलले. बाई दारातच उभ्या होत्या. पाहुणे गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि ते एकच फिकट अक्षर बघत राहिल्या.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. माझे काही अडलेले नाही. तुमच्यापैकी कुणी या घरी आलेच, तर माझ्यातला तो कागद तेवढा काढून न्या. जमले तर आजच. सकाळी बाई बाजारात गेल्या होत्या, आणि येताना त्यांनी माझ्यासाठी शाईची नवी फीत आणली आहे.