डब्यातला देवमासा

आमच्या पेन्शनर मंडळाने यंदाच्या उन्हाळी सहलीत देवमासे बघायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, टोर्लाइफ घरीच बसणार. हा माझा नवरा, उभा जन्म देवमाशांची शिकार करून जगला. आमची मुलगी सुनिव्हा त्याच फियोर्डमध्ये, डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत, लोकांना देवमासे दाखवून पोट भरते. तिने ती नोकरी धरल्यापासून चार उन्हाळे बापलेकीत अबोला. आणि हा बाबा मला न विचारता नाव नोंदवून आला, तेही तिच्याच बोटीवर. भांडायला की समेटाला, काही कळेना. विचारलं तर म्हणे, मंडळ जातंय म्हणून जातोय.

खरा घोळ मी घातला. नवरा समुद्रावर निघाला की काय बांधून द्यायचं, ते माझ्या हातांना पाठ आहे. डोकं न वापरता तेच दिलं: लोणी लावलेला पाव, त्यावर तळलेला कांदा आणि देवमाशाच्या मांसाचे गार काप. बोटीवर डबा उघडला तेव्हा चूक लक्षात आली. झाकण लावणार तोच आमच्या मंडळातल्या हेर्बोर्गने हात घातला. मग काय, सगळ्यांनीच एकेक उचलला.

नेमका तेव्हाच तो पाण्यातून वर आला. काळी पाठ, श्वासाला कुजका वास, डब्यात होता त्याच जातीचा. सगळी बोट कठड्याकडे धावली. माझ्या तोंडात घास. गिळू की थुंकू? मेला किती देखणा होता, आणि घासही चांगला झाला होता. मला रडूही येत होतं आणि भूकही लागली होती.

शेजारी बसलेल्या हॉलंडच्या पर्यटक बाईने डब्याकडे बघत सुनिव्हाला विचारलं, हे कसलं मांस? मंडळ भराभर घास चावू लागलं. गप्प बसायला आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. सुनिव्हाचा चेहरा लालबुंद झाला. खरं सांगावं तर बाप सगळ्यांसमोर उघडा पडणार, आणि तिची नोकरीही अडचणीत. खोटं सांगावं तर बापाची लाज वाटते असा अर्थ.

"देवमाशाचं," ती म्हणाली. "माझे बाबा शिकार करायचे. मी यावरच वाढले."

बाई दूर सरकली. टोर्लाइफ बाकावर थोडा सरकला आणि डबा सुनिव्हापुढे धरला.

"सकाळपासून काही खाल्लंयस का?"

चार वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि ते हे. सुनिव्हा बसली. पाव घेतला, त्यावरचा काप काढून बापाच्या पावावर ठेवला, आणि नुसता कांदा-पाव खाऊ लागली. हा होकार की नकार? मी दोघांच्या तोंडाकडे बघत राहिले.

टोर्लाइफने दोन्ही काप खाल्ले, तोंड पुसलं आणि तिला विचारलं, "उद्या किती वाजता निघता?"

"आठला, बाबा."

तो जाणार, हे नक्की. पण डब्यात काय द्यायचं, ते मला दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही.