चौदा शेतांची नावं

झुलाल नानांनी पहिलं शेत घेतलं तेव्हा निंबा हसला होता. "लागला म्हणायचा अंधारातला दगड, नाना," असंही वर म्हणाला. तिसरं गेलं तेव्हा त्याचं हसू आटलं. आखाजीच्या सणापर्यंत चौदांतली तेरा गेली, तेव्हा पुरणपोळीचा घास त्याच्या घशाखाली उतरेना आणि बायकोनं विचारलं, तब्येत बरी नाही का. काय सांगणार तिला? खेळातली शेतं गेली म्हणून माणूस उपाशी उठतो, हे सांगायला तोंड तरी हवं ना.

खेळ छगनचा. छगन धुळ्यात टेक्निकल शाळेवर शिकवायचा आणि झुलाल नानांच्या माडीवर भाड्यानं राहायचा. त्याचा मावसभाऊ अमेरिकेहून नव्वद साली आला आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. त्यात एक अजब खेळ होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कुणी जादूगार, कुणी राजा, आणि जादूच्या मुलखात आपण काय करतो ते तोंडानं सांगायचं. ते साधलं की फसलं हे फासा ठरवणार. फासा वीस बाजूंचा. तो धुळ्यात मिळेना, जळगावात मिळेना, म्हणून छगननं भुसावळहून हाउजीचे आकडे आणले, एक ते वीस बाजूला काढले आणि कापडी पिशवीत भरले. तो स्वतः खेळवणारा. खेळणारे तिघं: त्याची बायको लताबाई, ट्रेसिंगचं काम करणारा त्याचा दोस्त निंबा, आणि खाली राहणारे घरमालक नाना, कलेक्टर कचेरीतून रिटायर झालेले. नानांना आधी ही पोरकटगिरी वाटली होती. मग एका रविवारी सुपारी कातरत वर आले, बसले, आणि पुढचे सगळे रविवार त्यांचे झाले.

ह्या मुलखातली भुई जिवंत होती, सगळी गंमत त्यातच होती. तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली की ती हाक मारणाऱ्याची व्हायची. त्याच्यासाठी पिकायची, त्याच्या शत्रूला उभा गिळायची. प्रत्येकानं आपला मुलूख आखायचा, एकेका शेताला नाव द्यायचं आणि नावांची यादी पाकिटात घालून छगनकडं द्यायची. पिशवीतून पंधराच्या वरचा आकडा निघाला की दुसऱ्याच्या एका शेताला हाक मारायचा हक्क. नाव चुकलं की आपली एक पलटण गेली.

लताबाईंनी शेतांना फुलांची नावं दिली. दोन महिन्यांत नानांनी त्यांची अख्खी बाग खुडून घेतली. नानांनी स्वतःच्या शेतांना नुसते आकडे दिले होते, सहा-सहा अंकी. कोण ओळखणार ते? लताबाई म्हणाल्या, "नाना, हे काय शेताचं नाव झालं?" नाना म्हणाले, "जमिनीला आकडाच शोभतो, पोरी. नावं माणसं उगीच ठेवतात."

निंबाचा नकाशा मात्र सगळ्यांत देखणा होता. ट्रेसिंग पेपरवर बारीक हातानं काढलेला. नदीचं एक आडवंतिडवं वळण, वळणाच्या पोटात चौदा शेतं, बांध, बारव, पायवाटा. छगन म्हणाला, "काय डोकं चालवलंस रे." निंबानं डोकं चालवलंच नव्हतं. तो त्याच्या गावाचा नकाशा होता, वडझिरीचा. ती वडझिरी चौदा वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली गेली होती. गावाला दुसरीकडं प्लॉट मिळाले, बाप भिका आबा तिथं ओट्यावर बसून झुरला. शेवटच्या वर्षात त्याला माणसं ओळखू येईनात, पण शेतांची नावं तो बिनचूक घोकायचा. निंबानं तेव्हाच हा कागद काढला. बाप बोट ठेवून सांगायचा, हा बांध असा नाही, इकडं वळतो. आठ दिवस दोघं त्या कागदावर वाकून बसले होते. बापाजवळ एवढे दिवस सलग निंबा कधी बसला नव्हता.

मग तो कागद खेळात कशाला घातला? घातला खरा. पेटीत घडी घालून ठेवण्यापेक्षा त्या शेतांत काही पिकावं, तिथं कुणी राज्य करावं, असं त्याला वाटलं. आणि नावं तर कुणाला यायचीच नव्हती. बारवमळा, म्हसोबाची पट्टी, सवतीचा बांध. आठ महिने त्याची भुई जशीच्या तशी राहिली. त्या मुलखाचा तो राजा होता, आणि रविवारी दुपारी चार तास तरी वडझिरी कोरडी होती.

मग नानांनी "बारवमळा" म्हटलं.

बारव दिसली म्हणून बारवमळा, कुणीही म्हणेल. पुढं "म्हसोबाची पट्टी" म्हटलं. तेही सोडा, म्हसोबा कुठं नसतो? पण तिसऱ्या खेपेला नानांनी नदीपासून लांबच्या त्या उंच तुकड्यावर बोट ठेवलं, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली आणि सावकाश म्हणाले, "आंधळ्याचं टेपाड."

हे नाव कुणाच्या बापाला सुचलं नसतं. निंबा उठला आणि छगनच्या अंगावर गेला. "पाकीट तुझ्याकडं. घरमालकाला खूश करतोस होय रे? भाडं वाढवायचं म्हणाले का?" छगन पांढराफटक पडला. लताबाईंनी कपाटातून पाकीट आणून त्याच्यापुढं आपटलं. "कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात असते, भाऊजी. मी चोर का मग?" निंबानं माफी मागितली नाही. त्या दिवसापासून त्याच्यापुढं चहा यायचा तो लताबाई ठेवायच्या आणि बोलायच्या नाहीत.

असे रविवार चालले. हद्द बदलली की नकाशावर रंगवायचं काम निंबाचं, शाईचा डबा त्याचाच. दर वेळी नाना शेत घ्यायचे आणि म्हणायचे, "चला, तांबडं करा." निंबानं आपल्या हातानं तेरा शेतं तांबडी केली. तेरा वेळा दात आवळले. मनातल्या मनात म्हाताऱ्याला जिन्यावरून किती वेळा ढकलला त्याची गणती नाही.

आखाजीनंतरच्या रविवारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. पंखा घरघरत होता आणि नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले होते. निंबाचं एकच शेत राहिलं होतं, नदीच्या अगदी वळणातलं, खाली उतरलेलं, लांबट. ते भिका आबाचं स्वतःचं शेत.

नानांनी पिशवीत हात घातला. अठरा निघाला. ते खुशीत होते, मांडीवर हात मारून म्हणाले, "राहिली ती खालची खोरी. हिला काय घ्यायचं म्हणा, पोटखराब ती. मीच लिहिली होती तशी."

छगननं विचारलं, "लिहिली होती म्हणजे?"

"म्हणजे काय? मोजणीदार होतो मी. कलेक्टर कचेरीत होतो म्हणतो, ते काय खुर्चीत बसून? धरणाची मोजणी माझ्याकडं होती. निंबाचा कागद पाहिला तेव्हाच वळण ओळखलं. अख्खी वडझिरी साखळी टाकून मोजलीय मी, तीन आठवडे. नावं, आकडे, सगळं पाठ आहे." नाना अभिमानानं सगळ्यांकडं पाहत होते. "म्हटलं, सांगायचं नाही. आधी निवांत होऊ दे, मग एकेक काढू. आली ना मजा?"

निंबाच्या कानात दडे बसले. पोटखराब. पिकायला नालायक. तो सरकारी कागद घरी आला त्या दिवशी आबानं तो चारदा वाचून घेतला होता आणि जन्मभर एकच विचारत राहिला होता, "मनी दूधखोरी पोटखराब? हाई कोनी लिखं?" दूधखोरीत दर पुराला गाळाची नवी मळई बसायची. चैत्रातसुद्धा तिथली माती मुठीत धरली की ओली लागायची. भरताच्या वांग्यांनी बैलगाडी भरायची. गाव गेल्याचं दुःख आबा सगळ्यांबरोबर रडला. पण आपल्या भुईला सरकारदरबारी नालायक ठरवलं, हे त्याला एकट्याला गिळावं लागलं, आणि ते त्याला कधीच गिळता आलं नाही.

"तू लिखं?" निंबा म्हणाला. धुळ्यात वीस वर्षं सांभाळलेली शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "मना बापनी दूधखोरी तू पोटखराब लिखी?"

"ए, तू कुणाला म्हणतोस?" नाना तडकले. मग त्यांच्या ध्यानात आलं. "भिकाचा तू? असं होय. चांगला माणूस. दिवसभर माझ्याबरोबर फिरला, साखळीचं टोक धरलं त्यानं. दुपारी कळण्याची भाकर खाऊ घातली. नावं त्यानंच तर सांगितली सगळी."

"मग पोटखराब का लिहिलं?"

नानांनी सुपारी थुंकली. खोटं बोलायची त्यांना गरज वाटली नाही, हेच वाईट. "दिवस मावळायला आला होता. खोरीत उतरायचं म्हणजे साखळी, मोजणीचा फलक, सगळं खाली न्यायचं आणि पुन्हा वर चढायचं. कंटाळा आला. वरूनच पाहिलं, खडकाळ वाटली. लिहून टाकलं. बुडणारच होती की, काय फरक पडणार होता? बरं, ते सोड. अठरा निघालाय. मी नाव घेतो आता."

"थांबा," छगन म्हणाला. खेळवणारा तो होता. "नाव घेण्याआधी मालकाला एक चाल असते. महामंत्र. निंबानं अजून वापरलेला नाही."

महामंत्र प्रत्येकाला एकदाच मिळायचा. आपल्या भुईवर उभं राहून आग, वारा, पाणी, जे हवं ते बोलवायचं. त्यानं जे नासलं ते नकाशावरून कायमचं गेलं. लताबाईंनी आपल्या बागेत वारा बोलावला होता, त्यात नानांची दोन ठाणी उडाली होती.

निंबानं शाईचा डबा उघडला. निळी बाटली काढली.

"पाणी," तो म्हणाला.

"निंबा," छगन हळूच म्हणाला, "बुडालेलं परत येत नाही."

"ते मला सांगतोस?"

त्यानं ब्रश बुडवला आणि दूधखोरीवर टेकवला. आधी ती गेली. मग पाणी म्हसोबाच्या पट्टीत शिरलं.

"अरे, ती माझी!" नाना ओरडले. "हद्दीबाहेर जातोय हा, छगन!"

लताबाईंनी तोंड उघडलं. कितीतरी आठवड्यांनी त्या निंबाच्या बाजूनं बोलत होत्या. "माझ्या वाऱ्याच्या वेळी ठरलंय, नाना. सुटलेलं हद्दीवर थांबत नाही. तुम्हीच भांडला होतात, तुमची ठाणी गेली म्हणून, आणि हरला होतात."

निंबा वर पाहत नव्हता. बारवमळा. सवतीचा बांध. त्याला ठरवावं लागलं नाही. सत्त्याहत्तर साली त्यानं टेकडीवर बसून पाणी चढताना पाहिलं होतं, त्याच क्रमानं हात चालला. तांबड्यावर निळं बसून कागद काळपट होत गेला, फुगायला लागला. आबानं बोट ठेवून दुरुस्त केलेला बांध कुठला ते आता दिसेना. तरी हात चालूच राहिला.

तेरा शेतं बुडाली. नाना गुडघ्यांवर आले होते, कागदावर वाकले होते. इतके रविवार लावून एकेक शेत जोडलं होतं त्यांनी, आणि त्यांचं राज्य त्यांच्या नाकासमोर ओलं होत होतं. आवाज उतरला. "निंबा, ऐक. टेपाड तरी राहू दे. ते उंच आहे. पाणी तिथवर चढत नाही, बाबा. मी मोजलंय ना. तेवढं एक सोड."

आबाही असाच गेला होता धरणाच्या साहेबाकडं, टोपी हातात घेऊन. टेपाड उंच आहे, तेवढं सोडा, तिथं दहा घरं तरी राहतील. साहेबानं ऐकून घेतलं होतं आणि नकाराची मान हलवली होती. निंबा तेव्हा दाराशी उभा होता, आणि साहेबाच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला इतकी वर्षं समजलं नव्हतं. आता समजलं. कुणी असं काकुळतीला येऊन मागतं आणि द्यायचं की नाही हे आपल्या हातात असतं, तेव्हा गोड वाटतं. त्यालाही गोड वाटलं. अगदी मनापासून. त्या गोडीची त्याला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली.

तरी त्यानं ब्रश पुन्हा बाटलीत बुडवला, टेपाड वरपासून खालपर्यंत भरून काढलं, आणि शाई वाळेपर्यंत कागदाला कुणी हात लावू नका म्हणाला.