आपोआप बंद होणारी तोटी

मित्रांनो, मी एक जुनी प्रयोगशाळा आहे, पण मला ना भिंती आहेत ना टेबले. मी संगणकाच्या पडद्यावर राहते. शाळेच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत करड्या संगणकांची रांग आहे. त्यांतले निम्मे आता सुरूच होत नाहीत. जे होतात, ते आधी बराच वेळ कुरकुरतात आणि मग मला दाखवतात.

मला घडवले रसायनशास्त्राच्या बाईंनी. शाळेत खरी प्रयोगशाळा होती, पण वर्ग मोठा आणि काचेची भांडी मोजकी. एकाने प्रयोग करायचा आणि बाकीच्यांनी माना उंचावून बघायचे. म्हणून मुलांनी आधी माझ्याकडे सराव करावा आणि मग खऱ्या टेबलाशी उभे राहावे, असे बाईंच्या मनात आले. त्यांचा धाकटा दीर संगणकाचे प्रोग्राम लिहायचा. संध्याकाळी जेवणाचे टेबल पुसून दोघे बसत. बाई कागदावर चित्रे काढत, दीर ती पडद्यावर उतरवी.

दोघांचा पहिला खटका उडाला तो तोटीवरून. प्रयोग साधा आहे. खाली काचेच्या पात्रात पाण्यासारखे दिसणारे आम्ल आणि त्यात रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब, वर अल्कलीने भरलेली, तोटी असलेली लांब नळी. तोटी हलकेच उघडून नळीतला द्रव थेंब थेंब सोडायचा. शेवटी एका थेंबाने खाली फिकट गुलाबी रंग येतो, तिथे थांबायचे. पुढे गेलात तर रंग भडक होतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

"वहिनी, संगणकात चुकायची सोय कशाला ठेवायची?" दिराने विचारले.

"हात चुकल्याशिवाय वळण कसं लागणार, भावजी? चुकू दे पोरांना. इथे काच तर फुटत नाही."

बाईंचेच चालले. माझी सुरुवातीची वर्षे फार सुखाची गेली. मुले चुकत, हळहळत, एकमेकांना टपल्या मारत आणि पुन्हा तोटी उघडत. मग खऱ्या टेबलाशी गेली की त्यांचा प्रयोग फारसा चुकत नसे.

मुख्याध्यापकांना मात्र ही टंगळमंगळ वाटू लागली. तास संपला तरी निम्म्या वर्गाचा प्रयोग लटकलेलाच असे. रंग आला की तोटी आपोआप बंद झाली पाहिजे, असे त्यांनी बाईंना बजावले. बाईंनी परोपरीने समजावून पाहिले. शेवटी, खऱ्या टेबलावरचा तास चालू राहील या बोलीवर त्या कशाबशा कबूल झाल्या. दिराने बदल करून दिला.

मग काय, सगळ्यांचीच उत्तरे बरोबर. पाहुणे येत, माझे कौतुक करत. त्या कौतुकानेच घात केला. पडद्यावर इतके छान होते, तर खऱ्या प्रयोगशाळेने जागा अडवायची कशाला, असे ठरले. भांडी खोक्यांत गेली, खोक्यांच्या खोलीला कुलूप लागले, आणि बाईंना दिलेला शब्द सगळेच विसरले.

त्यानंतरच्या वर्गात एक मुलगी होती. सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तिखट, म्हणून तिला लवंगी म्हणत. माझा तिच्यावर फार जीव. औषधांच्या प्रयोगशाळेत काम करायचे, हे तिने पक्के ठरवले होते. त्या शिक्षणाला प्रवेश हवा तर परीक्षकांसमोर स्वतःच्या हाताने प्रयोग करून दाखवावा लागे. माझ्याकडे तिचा एकही प्रयोग चुकला नव्हता. घरच्यांनी तिचा प्रवेश गृहीतच धरला होता. बाईंना तेवढी धाकधूक होती. त्यांनी मुख्याध्यापकांकडे खोक्यांच्या खोलीची किल्ली मागितली. परीक्षा होऊ द्या, मग बघू, असे उत्तर मिळाले.

परीक्षेहून लवंगी थेट या खोलीत आली. तिला पाहताच बाई उठून उभ्या राहिल्या. ती सांगू लागली. तिने तोटी उघडली होती. गुलाबी छटा आली. ती तिने ओळखली आणि हात बाजूला घेतला. नळीतला द्रव वाहतच राहिला. पात्र भडक गुलाबी झाले आणि परीक्षकांनी पुढच्या मुलाचे नाव पुकारले.

"मला येत होतं, बाई," ती म्हणाली. "रंग आलेला दिसला मला. मी तोटी बंद व्हायची वाट बघत होते."

बाईंना रडू आवरेना. त्यांनी तिला जवळ बसवून घेतले.

लवंगीचा प्रवेश हुकला. पुन्हा परीक्षेला बसायला ती तयार झाली नाही. आता ती औषधांच्या दुकानात फळीवर बाटल्या लावते, असे बाईंच्या बोलण्यातून मला कळले. बाईंनी तोटी पूर्वीसारखी करू द्या म्हणून हात जोडले, दीरही तयार होता. पण निकाल घसरेल म्हणून मला कोणी हात लावू दिला नाही. नंतर बाईही निवृत्त झाल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी माझ्यासारखे काही घडवील. मुलांना जरूर मदत करा. पण जे त्यांच्या हातांनी शिकायचे आहे, ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. मला स्वतःला बदलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. उद्या पहिल्या तासाला नवा वर्ग येईल. एखादी हुशार मुलगी तोटी उघडील, रंग ओळखील आणि हात बाजूला घेईल. मी तोटी बंद करीन, आणि मला तिला शाबास म्हणावे लागेल.