मधल्या सेटचे बटण

सकाळी साडेसातला वायरलेस मिस्त्री प्रबुद्ध कांबळेने इस्लामपूरजवळच्या आपल्या साखर कारखान्यातून सायकल काढली आणि सव्वाआठला तो मधल्या गट ऑफिसात पोहोचला. त्याच्या पिशवीत चालू-बंद करायच्या बटणांचे तीन नमुने होते. त्यांतले एक निवडून ऑफिसातल्या वायरलेस सेटला बसवायचे होते. डोंगराकडच्या ऊसतोड तळावरचा आवाज थेट कारखान्यापर्यंत येत नसे; मधला सेट चालू असला, तरच तो आपोआप पुढे जाई.

परवा हा सेट बंद होता. तळावर ऊसतोड करणाऱ्या बायडाबाईला घोणस चावली, पण निरोप कारखान्यापर्यंत पोहोचलाच नाही. कारखान्याची जीप तीन तास उशिरा गेली आणि सांगलीत तिचा पाय कापावा लागला.

गटाचे कारकून पोपटराव कपात चहा ओतत होते.

"लाल दिव्याचं बसव गड्या, लय झ्याक दिसतंय."

"आवं, परवा सेट बंद का केला व्हता?"

"दिसभर दुसऱ्याची खरखर कोण ऐकणार? आमचा निरोप असला की लावतो की!"

"बाईचा पाय गेला, पोपटराव."

"टोळीवाल्यांचं काय ना काय चालूच असतंय. चा घे."

चहावर साय धरली होती. प्रबुद्धने कप न उचलताच बाजूला सारला. कोणतेही बटण बसवले, तरी ते पोपटरावांच्याच अंगठ्याखाली येणार होते.

त्याने तिन्ही बटणे पिशवीत परत टाकली. जुने बटण काढून त्याच्या दोन्ही तारा सेट कायम चालू राहील अशा एकमेकींना जोडल्या, कथलाचा डाग दिला आणि भोकावर पत्रा ठोकला. आवाज कमी करायची कळ मात्र त्याने पोपटरावांसाठी तशीच ठेवली.